मैद्याच्या पोत्याचा सूड

आमच्या खालच्या बेकरीवाल्याला पुढचे दोन दात नव्हते. ते कोणी पाडले हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पण दातांचा डॉक्टर रस्त्यापलीकडे असूनही त्याने ते बसवून का घेतले नाहीत, हे फक्त दोघींना ठाऊक होतं: त्याच्या बायकोला आणि मला. बायकोला ठाऊक असणं साहजिक. मला ठाऊक, कारण माझं स्वयंपाकघर त्याच्या भट्टीच्या बरोब्बर वर आहे आणि धुराड्यातून धुराबरोबर आवाजही फार छान वर येतो. मी काही मुद्दाम ऐकत नाही. फक्त त्या वेळी नळ बंद ठेवते.

"बसवून घ्या हो ते एकदाचे," बायको म्हणायची. "गिऱ्हाईक पाव मागतं आणि तुमच्या तोंडात डोकावत उभं राहतं."

"आधी त्याचे पडू देत," बेकरीवाला म्हणायचा, आणि त्या फटीतून प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक बारीक शीळ निघायची. "मग एकदमच जाऊ डॉक्टरकडे. तो एका खुर्चीत, मी दुसऱ्या."

तो म्हणजे पोलाद. आमच्या शहराचा बॉक्सिंग चँपियन. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसेल. पोस्टरवर पोलाद, बुटांच्या दुकानाच्या पाटीवर पोलाद, गाडीच्या मागच्या काचेवरसुद्धा पोलाद. आणि आमचा बेकरीवाला म्हणजे दिवसा पाव आणि संध्याकाळी गॅरेजच्या माडीवर टांगलेल्या सँडबॅगला ठोसे. पीठ मळायचं यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेलं, आणि हा सगळा मैदा हातांनी बडवायचा, खांदे तयार होतात म्हणून. त्याचे खांदे तयार व्हायचे आणि वर माझ्या कपबशा फुटायच्या.

किताबाची लढत झाली तेव्हा मी आणि माझी नणंद दुसऱ्या रांगेत होतो. पहिल्यापासून आमचा बेकरीवाला भारी पडत होता. पोलाद दोरांना टेकून श्वास शोधत होता. शेवटून दुसरी फेरी संपली, घंटा झाली, बेकरीवाल्याने हात खाली सोडले आणि आपल्या कोपऱ्याकडे वळला. तेवढ्यात पोलादने मागून येऊन जबड्यावर ठेवून दिली. दोन दात माझ्या डोळ्यांदेखत फळीवर टपटपले. पंचांना नेमकी त्याच क्षणी बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. शेवटची फेरी बेकरीवाला रक्त गिळत नुसता उभा राहिला, आणि निकाल पोलादच्या बाजूने गेला.

इथवर एक वेळ चाललं असतं. पण पोलादने माईक हातात घेतला. "बॉक्सर पाठवतो म्हणाले आणि पाठवलं मैद्याचं पोतं," तो म्हणाला. "बडवलं की नुसती धूळ उडते!"

सगळा हॉल खो खो हसला. माझी नणंदही हसली. ते मी अजून मनात ठेवलंय.

आता करारात एक कलम होतं. वर्षाच्या आत त्याच दोघांत फेरलढत, आणि ती टाळता येणार नाही. बेकरीवाल्याने ते कलम पाठ केलं. पीठ मळताना तो ते म्हणायचा, एका शब्दाला एक ठोसा. "वर्षाच्या", धप्प. "आत", धप्प. माझी चहाची किटली त्या तालावर नाचायची.

पण समोरच्याला लढायचंच नसेल तर कलम काय करणार? बॉक्सिंग संघटनेचे सचिव आमच्याच गल्लीत राहतात. अतिशय सभ्य गृहस्थ. रोज सकाळी एक लांब पाव घ्यायला बेकरीत येतात, आणि त्या काळात पाव घेताना पोलादची नवी सबब देऊन जायचे. अगदी खाली मान घालून.

"मनगट मुरगळलंय म्हणे त्याचं."

"कुठलं?" बेकरीवाल्याने विचारलं.

"ते सांगितलं नाही."

मग दाढ दुखायला लागली. "मला दातच नाहीत," बेकरीवाला शीळ घालत म्हणाला, "मी आलोय का रडत?" मग डॉक्टरचा दाखला आला. त्यात लिहिलं होतं की पेशंटला ठोसे मारायला हरकत नाही, खायला मात्र मनाई आहे. मग मेहुणीचं लग्न निघालं.

"कोणाच्या मेहुणीचं?" मी पायरीवरून विचारलं. मी सहजच उभी होते.

"पोलादच्या."

"अहो सचिव, त्याचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. मेहुणी काय बुटांबरोबर फुकट मिळाली?"

सचिवांनी पाव काखेत मारला आणि घाईने निघून गेले. बिचाऱ्यांचे त्या दिवशी सुटे परत घ्यायचेही राहिले. बेकरीवाला मात्र हसला नाही. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पोलाद त्याच्या हातावर तुरी देत होता आणि हा पीठ बडवत बसला होता. दातओठ खायची सोय होती, पण त्यातले अर्धे दात हॉलच्या फळीवर राहिले होते.

"लढत झाली नाही ना," तो मला एकदा म्हणाला, "तर मेल्यावरही मी मैद्याचं पोतंच. माझ्या पोरांना शाळेत विचारतील, तुझे बाबा ते पोतं का?"

"तुम्हाला पोरं कुठायत?"

"होतील की! त्यांनी असं ऐकून घ्यायचं?"

वर्ष संपत आलं. संघटनेने शेवटी डोळे वटारले आणि पोलादला बजावलं की या वेळी रिंगमध्ये उतर, नाहीतर बघ. तारीख पडली. आणि त्याच सुमाराला माझी नणंद माझ्याकडे दोन दिवस राहायला आली. तिचं घर पोलादच्या इमारतीत, त्याच्या बरोब्बर खाली. म्हणजे ऐकण्याची सोय आमच्या घराण्यातच आहे.

"वहिनी," ती पाय पसरून बसत म्हणाली, "तुमचा तो चँपियन आता पोलाद राहिला नाही हं. चांगला मऊ झालाय. गोडाचं वेड आहे त्याला. कोच स्वयंपाकघराची झडती घेतो, डबे उघडून बघतो, आणि हा जिन्यात उभा राहून बन खातो. लोणी आणि साखर लावलेला. जिना चढताना धापा टाकतो, माझ्या छताला ऐकू येतात!"

हे मी खाली जाऊन सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही. बेकरीवाल्याने हातातला गोळा परातीत ठेवला आणि तो बराच वेळ भट्टीच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्या फटीतून शीळ वाजली. या वेळी वाक्याशिवायच.

त्याचं डोकं कसं चाललं ते सांगते. बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. लढतीच्या आदल्या दिवशी दोघांनी काट्यावर उभं राहायचं आणि ठरल्या वजनात बसायचं. ज्याच्या अंगावर जास्त चढलंय तो आधीचे आठ-पंधरा दिवस उपाशी राहतो, वाफेच्या खोलीत बसतो, पाणी तोडतो, आणि वजन उतरवतो. उतरतं, पण माणूस चिपाडासारखा होतो.

"तेच पाहिजे मला," बेकरीवाला म्हणाला. "आज त्याला फुगवायचा. मग तो घाबरून वाळेल, आणि असा वाळलेला रिंगमध्ये चढेल. मग मी आहेच."

"पण किती फुगवायचा?" बायकोने विचारलं. तिचं डोकं नेहमी नको तिथे बरोबर चालतं.

"ते मला सांगू नकोस. पाव भट्टीत गेला की वजन उतरतंच. म्हणून गोळा घेताना जास्तीचा घ्यायचा असतो. मी आयुष्यभर घट धरूनच तोलत आलोय. याचीही घट धरतो."

असं म्हणून तो कामाला लागला. रोज एक खोका. नाव नाही, पाटी नाही, वर नुसतं "एका चाहत्याकडून". आत लोण्याचे बन, साखरेत घोळवलेले, मधून चिरून साय भरलेले. असे बन त्याने आमच्यासाठी जन्मात केले नव्हते. खोका मी नणंदेकडे पोहोचवायचे आणि नणंद तो पोलादच्या दाराशी ठेवून घंटी दाबून पळायची. या वयात. सुडाच्या कामी माणसाचे गुडघेही साथ देतात.

"खातो का?" बेकरीवाला रोज विचारायचा.

"खोकासुद्धा चाटतो," नणंदेचा निरोप यायचा.

शेवटच्या आठवड्यात बेकरीवाल्याने खोके बंद केले. आता तो वाफेच्या खोलीत बसेल, म्हणाला. आता भट्टीत गेला. इकडे स्वतः बेकरीवाला पहाटेपासून बडवत होता, आणि आरशासमोर उभा राहून लढतीनंतर माईकवर काय बोलायचं त्याची तालीम करत होता. शिळेमुळे एकही वाक्य नीट यायचं नाही. पण मजा यायची.

वजनाच्या दिवशी आम्ही सगळे हॉलवर. बेकरीवाला काट्यावर चढला, ठीक. मग पोलाद आला. ढगळ कपड्यांत आला तेव्हाच बायकोने मला कोपर मारलं. काट्यावर चढला. सचिवांनी चष्मा पुसला. पोलादने घड्याळ काढलं. मग साखळी, मग बूट, मग शर्ट. शेवटी दोघांनी समोर टॉवेल धरला आणि त्याने उरलंसुरलंही उतरवलं. काटा जागचा हलला नाही.

"तुम्हाला थोडा वेळ देता येतो," सचिव म्हणाले. "पळून या, घाम गाळा, पुन्हा बघू."

पोलाद टॉवेल गुंडाळून बाकावर बसला. "पाय दुखतात," म्हणाला.

तो भट्टीत गेलाच नव्हता! माणूस म्हणजे पाव नव्हे, तो आपल्या पायांनी भट्टीत जातो किंवा जात नाही, एवढं काही आमच्या बेकरीवाल्याने धरलं नव्हतं. जो चँपियन वजनात बसत नाही त्याचा किताब काट्यावरच जातो, हा नियम. लढत रद्द. किताबाचा पट्टा बेकरीवाल्याला.

"मला पट्टा नको!" बेकरीवाला ओरडला. "मला हा पाहिजे! हा! द्या इकडे!" बायकोने आणि सचिवांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं.

आणि पोलादने पुन्हा माईक मागितला. त्याचा चेहरा असा फुललेला, जसा काही तुरुंगातून सुटलाय. "माझा एक अनोळखी चाहता आहे," तो म्हणाला. "कितीतरी आठवडे रोज बन पाठवत होता. मनगटाने झालं नाही, डॉक्टरने झालं नाही, ते त्या बनांनी केलं. जिथे कुठे असशील तिथे देव तुझं भलं करो! आणि मैद्याच्या पोत्याला पट्टा मुबारक. काट्यावर पोतंच जिंकणार!"

मी बेकरीवाल्याकडे बघितलं नाही. काही चेहरे बघायचे नसतात. मला तर वाटलं, आता उरलेले दातही तो रागाने स्वतःच गिळणार.

पट्टा घरी आला. भट्टीचं दार नीट बसत नव्हतं, तर बायकोने तो पट्टा त्याच्या कडीला गुंडाळला. सोन्याच्या रंगाचं पदक गरम होऊन काळं पडलं. आणि बेकरीवाला गप्प झाला. पीठ मळायचा, पण धप्प नाही, ठप्प नाही. माझ्या कपबशा शांत, मलाच चैन पडेना. पाव असे निघायला लागले की सचिवांनी एक दिवस पाव परत आणून काउंटरवर आपटून दाखवला.

इकडे खोके बंद झाल्याने पोलादची तलफ काही सुटेना. त्याने जिन्यात माझ्या नणंदेला गाठलं आणि बन कुठले म्हणून विचारलं. नणंदेने मला नंतर शपथेवर सांगितलं की तिने काही सांगितलं नाही. फक्त रस्ता सांगितला.

तर एका सकाळी बेकरीच्या रांगेत, एक म्हातारी आणि सचिव यांच्या मागे, पोलाद उभा! गोल, गुबगुबीत, बुटांच्या दुकानाची पिशवी हातात. मी जिन्यावरून हे पाहिलं आणि आहे तशी खाली आले. गॅस चालू राहिला.

नंबर लागला. दोघे समोरासमोर. मध्ये फक्त काच, आणि काचेत बनांनी भरलेले ट्रे.

"काय रे पोत्या," पोलाद मोकळेपणाने म्हणाला, "म्हणजे चाहता तूच होय? बरं झालं. पट्टा तुझ्याकडे, बन माझ्याकडे, आता कसलं वैर! डझनभर दे."

बेकरीवाल्याने हात पुसले. आता काउंटरवरून उडी मारणार, असंच वाटलं.

"संपले," तो म्हणाला.

"संपले? हे काय समोर दिसतायत!"

"ते वजनात बसत नाहीत."

म्हातारी फिस्सकन हसली. पोलाद हात हलवत निघून गेला. पण तलफ ती तलफ. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

"आज नाही," बेकरीवाला म्हणाला. "बनाचं मनगट मुरगळलंय."

"कुठलं?" रांगेतून मी विचारलं.

"ते सांगितलं नाही."

पुढच्या दिवशी बनाची दाढ दुखत होती. त्याच्या पुढच्या दिवशी बायकोने काचेवर चिकटवलेला कागद होता: "बनांना विकायला हरकत नाही, खायला मनाई. सही, डॉक्टर." मग अर्थातच मेहुणीचं लग्न. "कोणाची मेहुणी?" पोलाद दात खात म्हणाला. "बनाची," बेकरीवाला म्हणाला. "तुझ्या त्या मेहुणीची सख्खी बहीण. तुलाच बोलावलं नाही वाटतं?" आता रांग पावासाठी लागत नव्हती. लोक घरचा पाव संपला नसतानाही येऊन उभे राहायचे. मागचे पुढच्यांना खाली बसा म्हणायचे. बेकरीवाल्याची शीळ परत आली होती, आणि पहाटेची धप्प धप्पही.

आणि मग तो दिवस. बेकरीवाल्याने पोलादच्या डोळ्यांदेखत एक बन मधून चिरला, त्यात साय भरली, साखरेत घोळवला आणि म्हातारीला फुकट दिला.

पोलादची मूठ काउंटरवर बसली. काचेला आडवी चीर गेली. "खूप झालं!" तो ओरडला. "मला हिणवतोस? मला? ये रिंगमध्ये! माझाही करार आहे! किताब गेलेल्या चँपियनलाही फेरलढत मागता येते! मागतो मी! ऐकलंस?"

बेकरीवाला काउंटरवर दोन्ही हात टेकून पुढे वाकला. अगदी हळू, लाडाने म्हणाला, "मागच्या लोकांना ऐकू आलं नाही. पुन्हा बोल."

"फेरलढत मागतो मी!"

"सचिव?"

सचिवांनी पाव काखेतून काढून हातात घेतला, जसा काही कायद्याचं पुस्तक. "ऐकलं मी," ते म्हणाले.

त्या दिवशी मला कळलं की इतके दिवस हा माणूस पोलादला नुसता चिडवत नव्हता. गळ टाकून बसला होता.

आता पोलादला भर रांगेत बोललेलं गिळता येईना. वजन उतरवणं आलं. नणंद रोज बातमी आणायची: आज नुसत्या उकडलेल्या भाज्या, आज जिन्याच्या खालून वर, वरून खाली, आज रडला. आणि बेकरीवाला रोज त्याच्या दाराशी एक खोका ठेवायला लावायचा. रिकामा. आत फक्त लोणी लागलेला कागद, वासापुरता.

"एवढं कशाला करता?" मी एकदा म्हणाले. खोका माझ्याच हातात होता.

"वास घेतलेला बरा असतो," तो म्हणाला. "मी वर्षभर लढतीचा घेतला."

पोलाद वजनात बसला. पण कसा! गालफडं आत, डोळे खोल. आमच्या बेकरीवाल्याने धरलेली घट शेवटी एकदाची निघाली.

लढतीचं फार सांगत नाही, ठोसे सगळे सारखेच दिसतात. एवढंच सांगते की चौथी फेरी संपली, घंटा झाली, आणि पोलादने दमून हात खाली सोडले. बेकरीवाल्याचा उजवा हात मागे गेलेला होता. पंच नाडी बांधत नव्हता, पण बांधली असती. सगळा हॉल उठून उभा राहिला. माझी नणंद तर "मार!" असं ओरडलीसुद्धा.

बेकरीवाल्याने हात खाली घेतला.

मी नंतर विचारलं, का सोडलंत? तो म्हणाला, "घंटेनंतर मारला असता तर फिट्टंफाट झाली असती. मला फिट्टंफाट नको होती, ताई. मला पुरा वसूल पाहिजे होता."

पाचव्या फेरीची घंटा झाली आणि त्याने तो वसूल केला. अगदी सुरुवातीलाच, सरळ, समोरून, पंचाच्या नाकासमोर. टपटप आवाज मी ओळखला. पोलाद आडवा झाला तो उठलाच नाही. मग माईक आला. एवढी तालीम केलेली. बेकरीवाल्याने खाली बघितलं आणि एकच वाक्य म्हणाला. आश्चर्य म्हणजे शीळ आली नाही.

"हे पोतं कोणाचं आहे ते उचला. वाट अडलीये."

आठवडाभराने रांगेत पोलाद पुन्हा दिसला. तोंड सुजलेलं, समोर फट. कोणी हसलं नाही. सगळे बेकरीवाल्याकडे बघत होते. नंबर आल्यावर पोलाद हळूच बोलला, आणि त्याच्या वाक्याच्या शेवटी एक बारीक शीळ निघाली. "काही मऊ आहे का?"

बेकरीवाल्याने भरलेल्या ट्रेवरून नजर फिरवली. अगदी निवांत. मग मागच्या फळीवरून कडक टोस्टचं पाकीट काढून त्याच्यासमोर ठेवलं. आमच्या गल्लीत ते टोस्ट हातोडीने फोडतात.

"मऊ संपलं," तो म्हणाला.

पोलादने पाकिटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पाकीट उचललं. बाहेर पायरीवर बसून तो टोस्टचा कोपरा तोंडात धरून चोखत राहिला, मऊ होईपर्यंत. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बेकरीवाल्यानेही पाहिलं, टोस्ट संपेपर्यंत. मग त्याने एप्रन काढला, खुंटीला लावला आणि बायकोला म्हणाला, "काउंटर बघ. मी जरा समोर डॉक्टरकडे जाऊन येतो."